कार्बनच्या अणूची वाट आणि सात वर्षांचा पेच

१. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. पेशीत ग्लुकोजचे विघटन होते आणि अखेर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मधल्या टप्प्यांत कोणता अणू कोठे जातो, हे मात्र दीर्घकाळ कोणालाच सांगता येत नव्हते, कारण कार्बनचा एक अणू दुसऱ्याहून वेगळा ओळखू येत नाही. त्या अणूंना खूण कशी करता आली, आणि ती खूण बिनचूक वाचूनही निष्कर्ष कसा फसला, याची ही हकिकत.

२. १९३७ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हान्स क्रेब्स यांनी एक चक्र मांडले. ग्लुकोजपासून आलेला तुकडा ४ कार्बनच्या ऑक्झॅलोॲसेटिक आम्लाशी जोडला जातो आणि ६ कार्बनचे सायट्रिक आम्ल बनते. पुढे कार्बन डायऑक्साइड सुटत सुटत पुन्हा ४ कार्बनचे आम्ल तयार होते. ‘नेचर’ने हे टिपण तेव्हा छापले नाही, ते दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चक्र सुसंगत होते, परंतु अणूंचा माग कोणी काढलेला नव्हता.

३. तो माग काढण्याचे साधन सायक्लोट्रॉनने दिले. त्यात कार्बन-११ हा किरणोत्सारी समस्थानिक बनवता येई. रासायनिक वागणुकीत तो साध्या कार्बनसारखाच असतो, परंतु त्याच्या किरणोत्सारामुळे गणकयंत्राला तो सापडतो. अडचण एकच होती. त्याचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटांचे. दोन तासांत मूळ किरणोत्साराचा चौसष्टावा भागच उरतो. प्रयोग, पृथक्करण, मोजणी, सारे घड्याळाशी शर्यत लावूनच करावे लागे.

४. शिकागो येथे अर्ल इव्हान्स आणि लुई स्लोटिन यांनी कबुतराचे यकृत बारीक करून त्यात पायरुविक आम्ल आणि खूण केलेला कार्बन डायऑक्साइड घातला. ती खूण कीटोग्लुटारिक आम्लात आढळली. म्हणजे प्राण्याचे ऊतकही कार्बन डायऑक्साइड सेंद्रिय रेणूत गुंफू शकते! जिवाणूंविषयी आयोवातील हार्लंड वुड व चेस्टर वर्कमन हेच सांगत होते, पण त्यावर विश्वास बसायला लोकांना वेळ लागला. त्यांच्या गटानेही १९४१ मध्ये कबुतराच्या यकृतावर प्रयोग केला. खूण म्हणून त्यांनी किरणोत्सारी नसलेला, केवळ वजनाने जड असा कार्बन-१३ वापरला. उत्तर तेच आले.

५. खरा पेच पुढे होता. कीटोग्लुटारिक आम्लाच्या दोन टोकांना दोन कार्बॉक्सिल गट असतात. रासायनिक क्रियेने त्यांतला एकच गट, कीटो गटाशेजारचा, कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडवता येतो; उरते ते सक्सिनिक आम्ल. हे केल्यावर सारी खूण सुटलेल्या वायूत मिळाली. सक्सिनिक आम्लात काहीच नव्हती.

६. यात बिघडले काय? सायट्रिक आम्लाचा रेणू कागदावर काढून पाहा. मधल्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट, एक कार्बॉक्सिल गट आणि दोन अगदी सारख्या भुजा. एका भुजेत खूण आहे, दुसरीत नाही. दोन्ही सारख्या असतील तर विकराने, म्हणजे एन्झाइमने, निम्म्या वेळा ही आणि निम्म्या वेळा ती निवडायला हवी. मग खूण दोन्ही टोकांना निम्मी निम्मी वाटली जायला हवी. तशी ती वाटली गेली नव्हती.

७. निष्कर्ष अटळ वाटला: सायट्रिक आम्ल मुख्य मार्गावर नाहीच, ते बाजूच्या फाट्यावरचे असावे. क्रेब्स यांनीही हे मान्य केले आणि ‘सायट्रिक आम्ल चक्र’ हे नाव मागे पडून ‘ट्रायकार्बॉक्सिलिक आम्ल चक्र’ हे सावध नाव रूढ झाले.

८. याच सुमारास, २७ फेब्रुवारी १९४० रोजी, बर्कलीत मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांना कार्बन-१४ सापडला. त्याचे अर्धायुष्य हजारो वर्षांचे असल्याने घड्याळाची शर्यत संपली. परंतु युद्धाने माणसे नेली. रुबेन १९४३ मध्ये फॉस्जीन वायूच्या अपघातात वयाच्या २९व्या वर्षी गेले. स्लोटिन लॉस ॲलमॉसला गेले आणि मे १९४६ मध्ये प्लुटोनियमच्या गोळ्यावर प्रयोग करताना झालेल्या प्रारणाघाताने दगावले. आपल्या मोजणीचा खरा अर्थ त्यांना कळलाच नाही.

९. तो अर्थ १९४८ मध्ये ऑक्सफर्डच्या अलेक्झांडर ऑगस्टन यांनी ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात सांगितला. त्यासाठी त्यांनी नवा प्रयोग केला नाही. विकर रेणूला तीन ठिकाणी धरत असेल, तर दोन सारखे दिसणारे गटही त्याला वेगळे ओळखता येतात, एवढाच त्यांचा मुद्दा.

१०. एक साधे उदाहरण घेऊ. भिंतीला लागून पक्की बसवलेली एक खुर्ची आहे. तीत बसणाऱ्याचे दोन्ही हात हुबेहूब सारखे असोत. डोके वर आणि तोंड समोर करूनच बसायचे असेल, तर भिंतीकडे येणारा हात दर वेळी तोच असेल. सायट्रिक आम्लाचे हायड्रॉक्सिल आणि मधला कार्बॉक्सिल म्हणजे ते डोके आणि तोंड. विकर ही ती खुर्ची. दर वेळी एकच भुजा त्याच्या हाती लागते.

११. १९४९ मध्ये व्हॅन पॉटर आणि चार्ल्स हायडेलबर्गर यांनी कार्बन-१४ वापरून याला पुष्टी दिली. सायट्रिक आम्ल चक्रात सन्मानाने परतले. १९५३ मध्ये क्रेब्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१२. १९४१ ची मोजणी बरोबरच होती. फसले ते तिच्याखाली दडलेले गृहीतक: कागदावर सारखे दिसते ते विकरालाही सारखेच. ते कोणी तपासले नाही, कारण ते गृहीतक आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

१३. या दुरुस्तीतून आणखी एक गोष्ट उलगडली. ग्लुकोजपासून आलेले दोन कार्बन चक्रात शिरतात, त्याच फेरीत कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात. पण ते कार्बन नवे नसतात, आधीच्या ऑक्झॅलोॲसेटिक आम्लाचे असतात. नवागत अणू पुढे सक्सिनिक आम्लापर्यंत जातात. तेथे रेणूची दोन टोके विकरालाही सारखीच असतात, म्हणून खूण खरोखर निम्मी निम्मी वाटली जाते. आपल्या श्वासावाटे ते बाहेर पडतात, पण नंतरच्या फेऱ्यांत.