ध्वनिक्षेपक आणि जमीन: जोडणे की तोडणे?

या टिपणात आपण जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आणि त्यांच्याखालची जमीन यांच्या संबंधाचा इतिहास पाहणार आहोत. त्यात दोन उलट उपाय आढळतात. एकात टोकदार खिळे, म्हणजे स्पाइक, लावून स्पीकर जमिनीशी घट्ट जोडतात. दुसऱ्यात तो स्प्रिंगवर किंवा मऊ रबरावर ठेवून जमिनीपासून तोडतात. बाजारात दोन्हींना सर्रास 'आयसोलेशन' म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जमिनीच्या कंपनांशी झगडा स्पीकरपेक्षा जुना आहे. १८८१ मध्ये अल्बर्ट मायकेल्सन यांना बर्लिनच्या रहदारीमुळे आपला प्रकाशाचा प्रयोग मध्यरात्रीनंतरही नीट करता येईना. उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेले, तर तिथेही सुमारे १०० मीटरवर कोणी पाय आपटला की प्रकाशाचे पट्टे दिसेनासे होत. १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे मॉर्ली यांच्यासह त्यांनी उपकरण जड दगडी शिळेवर बसवले आणि ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली. वर भरपूर वजन आणि खाली मऊ आधार, हे तत्त्व पुढेही तेच राहिले.

आता घरात येऊ. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरवरचा निबंध मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच वंशातले. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांच्या लहानशा बंद पेटीतूनही खोल खर्ज निघू लागला. मात्र खर्जाबरोबर एक जुनी अडचण ठळक झाली: स्पीकरची थरथर जमिनीतून रेकॉर्ड प्लेअरच्या सुईपर्यंत जाते, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये येते आणि घुमत राहते. याच कंपनीच्या १९६१ च्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये तबकडी आणि सुईची दांडी स्प्रिंगवर टांगलेली होती. म्हणजे इथे स्प्रिंग स्पीकरखाली नव्हे, सुईखाली आली!

स्पाइकचे काम वेगळे. गालिचा टोचून ते खालच्या फळीवर टेकतात, त्यामुळे उंच पेटी डुलत नाही. एवढे मान्य. पण स्पाइकमुळे कंपने 'फक्त खाली निघून जातात' असेही सांगितले जाते, ते मानू नका. टोक कितीही अणकुचीदार असले तरी कंपन दोन्ही दिशांनी जाते.

थोडे गणित करा. वजनामुळे आधार जितके सेंटिमीटर दबतो, त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागले की नैसर्गिक वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. स्प्रिंग १ सेंमी दबली तर ती ५ हर्ट्झ. ४० हर्ट्झचा खर्ज वाजताना, अवमंदन नगण्य धरल्यास, पेटीच्या बलाचा जेमतेम १.६ टक्के भाग जमिनीत उतरतो. आधार १ मिमी दबला तर नैसर्गिक वारंवारता सुमारे १६ हर्ट्झ होते आणि साधारण १९ टक्के बल उतरते. आणि टणक रबराची चकती, जी केवळ ०.१ मिमी दबते? तिची वारंवारता ५० हर्ट्झ. ४० हर्ट्झला ती बल कमी करत नाही, उलट जवळजवळ पावणेतीनपट करते. अशा चकतीपेक्षा स्पाइक बरे. 'रबर आहे म्हणजे झाले' असे म्हणणाऱ्याने आधी ते किती दबते हे मोजावे.

फरक कुठे जाणवेल? तुळयांवरच्या लाकडी जमिनीवर नक्की, कारण फळ्या स्वतःच वाजू लागतात आणि खर्ज गढूळ करतात. तळमजल्यावर थेट मातीवर घातलेल्या काँक्रीटवर फारसा नाही. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला हवाच घुमते. त्या घुमण्यावर स्प्रिंगचा काही उपाय नाही, तिथे स्पीकर भिंतीपासून सरकवून पाहावा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबमध्ये थेट उतरणारी थरथर कमी होईल. हवेतून स्लॅबवर आदळणारा खर्ज मात्र खालच्या शेजाऱ्याला ऐकू येतच राहील, आणि त्यासाठी आवाजच कमी करावा लागेल.