नेझू येथील देवस्थान आणि ‘गोंगेन’ ही संज्ञा

टोकियो नगरातील बुंक्यो प्रभागात नेझू जिंजा हे शिंतो देवस्थान आहे. वसंतातील अझेलियाच्या फुलांचा उत्सव सरला, की तेथे वर्दळ बेताचीच असते. अशा एखाद्या शांत सकाळी दुमजली महाद्वारातून आत गेले असता, पाचवा शोगुन तोकुगावा त्सुनायोशी याने बांधविलेल्या व १७०६ साली पूर्ण झालेल्या वास्तू निवांतपणे पाहता येतात.

गर्भगृह, अर्पणगृह आणि उपासनागृह यांना एकत्र जोडणाऱ्या या रचनेस ‘गोंगेन-झुकुरी’ म्हणजे गोंगेन शैली म्हणतात. पहिला शोगुन इएयासू यास मरणोत्तर मिळालेल्या ‘तोशो दाइगोंगेन’ या देवनामावरून ते नाव पडले. ‘गोन्’ म्हणजे तात्पुरते आणि ‘गेन्’ म्हणजे प्रकट होणे. जपानचे देव ही बुद्धांची व बोधिसत्त्वांची तात्पुरती रूपे होत, हा बौद्ध सिद्धान्त या संज्ञेत सामावलेला आहे. आपल्या ‘अवतार’ या शब्दाशी ती ताडून पाहण्याजोगी आहे. मात्र ‘अवतार’ या शब्दात खाली उतरण्याची कल्पना मुख्य, तर ‘गोंगेन’मध्ये तात्पुरतेपणाची.

१८६८ साली मेइजी शासनाने देव व बुद्ध यांच्या विभक्तीकरणाचे आदेश काढले. गोंगेनसारखी बौद्ध नामे धारण करणाऱ्या देवस्थानांनी आपला पूर्वेतिहास सविस्तर कळवावा आणि देवस्थानांतील बुद्धमूर्ती, घंटा इत्यादी दूर कराव्यात, असे त्यांत फर्माविले होते. ‘नेझू गोंगेन’ हे पुढे ‘नेझू जिंजा’ झाले. क्योतो येथील गिओन देवस्थानास ‘यासाका’ हे नाव मिळाले. तथापि तेथील वस्ती आणि उत्सव यांचे ‘गिओन’ हे नाव आजही टिकून आहे. ते नाव श्रावस्तीच्या जेतवनाच्या चिनी नामांतरातून आलेले आहे, हे भारतीय अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे.

यावरून एक सावधगिरी सुचते. नेझूच्या महाद्वारापाशी उभा राहणारा प्रवासी समोरचे सारे शुद्ध, अमिश्र शिंतो परंपरेचे समजतो. वस्तुतः वास्तू नामांतरापूर्वीची, तर तिचे आजचे नाव त्यानंतरचे आहे. आदेशाने देवस्थानाचे नाव बदलले. शैलीच्या, वस्तीच्या आणि उत्सवाच्या नावांपर्यंत तो पोहोचला नाही. म्हणून धर्मेतिहासाच्या अभ्यासकाने अधिकृत नामावलीवर विसंबून न राहता अशा उपेक्षित शब्दांचीही साक्ष काढली पाहिजे.