यरुशलेमची पहिली धर्मसभा

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे दृष्टि वळणें साहजिक आहे. त्या इतिहासास कलाटणी देणारे प्रसंग कोणते, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुतेक लोक प्रथम बादशहा कॉन्स्टंटाइन याचें नांव घेतात. इ. स. ३१३ सालीं त्यानें व त्याचा सहराज्यकर्ता लिसिनियस यानें ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली, आणि जप्त झालेलीं प्रार्थनास्थानें परत देवविलीं. गोष्ट लहान नव्हे. तथापि बादशहाच्या हुकुमानें धर्मास फार तर संरक्षण मिळतें. तो धर्म कोणाकोणाचा, हें त्या हुकुमानें ठरत नाहीं. तें ठरलें अडीचशेंहून अधिक वर्षें आधीं, यरुशलेमेंत, व तेंही कडाक्याच्या वादानंतर.

वाद उत्पन्न झाला सीरिया प्रांतांतील अंत्युखिया नगरींत. प्रभूच्या शिष्यांस ‘ख्रिस्ती’ हें नांव पहिल्यानें याच शहरीं पडलें. तेथील मंडळींत यहुदी होते, तसेच ग्रीक बोलणारे परजातीयही होते, आणि ते एका पंक्तीस जेवीत असत. पंक्तिभेद म्हणजे काय, हें आपल्या देशांतल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. यहूदियांतून आलेलीं कांहीं माणसें तेथें शिकवूं लागलीं कीं, सुंता केल्यावांचून परजातीयांस तारण नाहीं. त्यांस केवळ हटवादी म्हणून सोडून देणें न्यायाचें होणार नाहीं. नियमशास्त्र देवानेंच दिलेलें; प्रभु स्वतः यहुदी कुळांत जन्मले, आठव्या दिवशीं त्यांची सुंता झाली; बाराही प्रेषित यहुदी. मग जो कोणी प्रभूकडे येईल त्यानें त्याच वाटेनें यावें, असें त्यांस वाटणें स्वाभाविक होतें. परंतु तसें ठरलें असतें, तर ग्रीक असो, रोमन असो वा हिंदुस्थानांतला असो, प्रत्येकास ख्रिस्ती होण्याआधीं यहुदी व्हावें लागलें असतें.

संत पौल व संत बर्णबा हा प्रश्न घेऊन इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेस गेले. प्रेषित व वडील मंडळी जमली; पुष्कळ वादविवाद झाला. मग संत पेत्र उठले. त्यांनीं शास्त्रार्थाचा कीस काढला नाहीं, प्रत्यक्ष अनुभवलेलें सांगितलें: देवानें परजातीयांसही पवित्र आत्मा दिला, आणि त्यांच्यांत व आपल्यांत भेद ठेविला नाहीं. जें जोखड आपल्या वाडवडिलांस व आपल्यासही पेललें नाहीं, तें या शिष्यांच्या मानेवर कां ठेवावें, असा त्यांचा सवाल होता. शेवटीं संत याकोब यांनीं निकाल सुचविला. मूर्तीस वाहिलेलें अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलें जनावर व जारकर्म यांपासून परजातीयांनीं दूर राहावें. सुंतेची अट नाहीं. तसें पत्र लिहून अंत्युखियास पाठविण्यांत आलें, आणि तें वाचून तेथील लोकांस आनंद झाला.

ठराव झाला म्हणजे संवयी सुटतात असें मात्र नाहीं. अंत्युखियास एकदां खुद्द संत पेत्र परजातीयांच्या पंक्तीपासून दूर राहूं लागले, तेव्हां संत पौल यांनीं त्यांस सर्वांदेखत दोष दिला. पवित्र शास्त्रानें ही गोष्ट झांकून ठेविली नाहीं, याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटतें.

पुढें तोच प्रश्न भाषेच्या रूपानें उभा राहिला. ८६३ च्या सुमारास संत सिरिल व संत मेथोडियस हे ग्रीक बंधु मोराविया देशीं गेले. तेथील स्लाव्ह लोकांच्या भाषेकरितां त्यांनीं लिपि रचली, व उपासना त्या भाषेंत चालविली. इब्री, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषा देवाच्या स्तुतीस योग्य, असें म्हणणारे पंडित त्यांस आडवे आले. सिरिल ८६९ सालीं रोमेंत वारले. मेथोडियस यांस बव्हेरियाच्या बिशपांनीं अटकेंत ठेविलें. पोप आठवे जॉन यांनीं त्यांस सोडविलें, आणि ८८० सालीं स्लाव्ह उपासनेस मान्यता दिली.

आपल्या किनाऱ्यावरही हाच झगडा झाला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले, आणि येथील भाषा शिकून त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. तें १६१६ सालीं साष्टींतील राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. लिपि परकी, पण ओवी ती ओवीच. १६५९ सालीं रोमच्या धर्मप्रसार मंडळानें पूर्वेकडे जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांस बजाविलें कीं, ज्या चालीरीति धर्मास व नीतीस उघड विरुद्ध नाहींत, त्या लोकांस सोडावयास लावूं नका. असें असतां १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें हुकूम काढला: लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. लोकांची भाषा या हुकुमानें मेली नाहीं. घरांत, शेतांत, बाजारांत ती बोलली जातच राहिली.

वेदीपाशीं मात्र लॅटिनच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं लोकभाषेंतील उपासनेस वाट करून दिली. ठरावाच्या बाजूनें २१४७ व विरुद्ध ४ मतें पडलीं. ज्यांनीं सारा जन्म ‘दोमिनुस वोबिस्कुम’ ऐकलें होतें, त्यांस त्यानंतर धर्मगुरूंच्या तोंडून वेदीवरून आपल्या घरांतली मराठी ऐकूं येऊं लागली. ‘आमेन’ हा शब्द तेवढा इब्रीच राहिला.