शिंद्यांच्या वंशावळीतल्या दोन आया

शिंदे घराण्याची वंशावळ मी पहिल्यांदा वहीत उतरवली, तेव्हा राणोजींचे पाचही मुलगे एका ओळीत बसवले. समोरच्या छापील वंशावळीत तसेच होते. पुढे वाचत गेलो तशी ती ओळ खोडावी लागली. आया दोन होत्या, आणि वारशाचा सगळा तंटा तिथूनच सुरू होत होता.

साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे राणोजी पहिल्या बाजीरावांच्या पदरी नावारूपाला आले आणि माळव्यात मोठे सरदार झाले. 1745 साली ते वारले. जयाप्पा, दत्ताजी आणि जोतिबा हे थोरल्या मैनाबाईंचे. तुकोजी आणि महादजी हे चिमाबाईंचे. सरदारी साहजिकच थोरल्या शाखेकडे गेली.

मग मी एकेका नावापुढे शेवट लिहीत गेलो. जोतिबा बुंदेलखंडात मारले गेले. जयाप्पांचा 1755 साली नागौरच्या वेढ्यात दग्याने खून झाला. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ बुराडीला यमुनाकाठी पडले. वर्षभराने पानिपतावर तुकोजी गेले. जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी पकडले जाऊन मारले गेले. पाच भावांत उरले एकटे महादजी, तेही पायाने कायमचे अधू. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले.

तरीही सरदारी त्यांच्या हाती सहज आली नाही. भाऊबंदांनी हक्क सांगितले, महादजींच्या जन्माचा प्रश्न काढला गेला. अखेर 1768 साली माधवराव पेशव्यांनी सरदारी त्यांना दिली.

महादजींनी अनेक लग्ने केली, पण मागे मुलगा राहिला नाही. मुलगी होती, शितोळ्यांकडे दिलेली बाळाबाई. मात्र मुलीकडे सरदारी जाण्याची रीत नव्हती. 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडीत महादजी वारले आणि तुकोजींचे नातू दौलतराव पुढे आले. म्हणजे वारसा पुन्हा चिमाबाईंच्याच शाखेत राहिला. महादजींच्या विधवांनी दौलतरावांविरुद्ध फौज उभी केली. 1827 साली दौलतरावही निपुत्रिक वारले, तेव्हा बायजाबाईंनी दत्तक घेऊन गादी राखली. 1843 साली पुन्हा दत्तकच घ्यावा लागला, तोही ताराबाईंच्या मांडीवर.

बापाकडून मुलाकडे ओढलेली माझी रेघ अशी वारंवार तुटली, आणि दर वेळी सांधा मिळाला तो एखाद्या बाईपाशी. छापील पानावर यांतले एकही नाव नव्हते. वहीत मी ती आता शाईने लिहिली आहेत.