गर्भपाताचा कायदा : २० आठवड्यांची अट २४ वर कशी आली? मुंबई हायकोर्टातलं २००८ चं प्रकरण आणि आजचे नियम

मुंबई : पोटातल्या बाळात मोठा दोष आहे हे उशिरा कळलं तर काय करायचं? आज कायद्यात याला उत्तर आहे. २००८ साली ते नव्हतं.

त्या वर्षी निकेता मेहता यांना २४ व्या आठवड्यात समजलं की बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे आणि जन्मल्याबरोबर पेसमेकर बसवावा लागेल. १९७१ च्या कायद्यात मर्यादा होती २० आठवड्यांची. त्यापुढे फक्त आईचा जीव वाचवायचा असेल तरच परवानगी. म्हणून मेहता पती-पत्नी आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार फोर्टमधल्या हायकोर्टात गेले. कोर्टाने जे.जे. रुग्णालयाच्या डॉक्टरांचा अहवाल मागवला. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्या. खांडेपारकर व न्या. सय्यद यांनी मागणी फेटाळली. बाळ गंभीर अपंगत्व घेऊनच जन्मेल असं तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलेलं नाही आणि कायदा बदलणं हे संसदेचं काम आहे, असं कोर्टाचं म्हणणं. त्याच महिन्यात त्यांचा गर्भपात आपोआप झाला.

केस हरली, पण प्रश्न मिटला नाही. डॉ. दातार सुप्रीम कोर्टात गेले. पुढे एकेक बाई कोर्टाची पायरी चढू लागली. २०१६ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांच्या मंडळाच्या अहवालावरून सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या एका अत्याचारग्रस्त महिलेला २४ व्या आठवड्यात परवानगी दिली. कायदा बदलायला मात्र २०२१ उजाडलं. म्हणजे १३ वर्षं गेली.

आता नियम काय?

२४ सप्टेंबर २०२१ पासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि ही मुभा ठरावीक महिलांनाच : बलात्कारग्रस्त, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मनोरुग्ण, आपत्तीत सापडलेल्या, तसेच बाळात गंभीर दोष असलेल्या. अविवाहित महिलाही यात येतात, असं सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. २४ च्या पुढे बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्डाने ३ दिवसांत मत द्यायचं असतं.

बोर्डाने नाही म्हटलं तरी रस्ता बंद होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बोर्डाने नकार दिलेल्या एका महिलेला हायकोर्टाने ३२ आठवडे उलटून गेल्यावरही परवानगी दिली. दोष गंभीर असेल तर निर्णय त्या बाईचा, बोर्डाचा नाही, असं न्या. गौतम पटेल व न्या. दिगे यांनी सांगितलं.

गावाकडे गोंधळ कुठे होतो?

पहिला सहीचा. बाई १८ वर्षांच्या वर असेल तर फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही, तरी बऱ्याच ठिकाणी मागतातच. अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती हवी. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा, गर्भपात म्हणजेच गुन्हा ही समजूत. गुन्हा आहे तो लिंग तपासणं आणि मुलगी म्हणून गर्भ पाडणं. तो कायदा वेगळा, १९९४ चा.

तिसरा आठवड्यांचा हिशोब. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. घरात "पाचवा लागलाय" म्हणतात तेव्हा १८-२० आठवडे होत आलेले असतात. बाळातले दोष दाखवणारी सोनोग्राफी नेमकी याच दिवसांत करायची असते. पेरणी उरकू दे, पैसे आले की बघू, असं करत ती महिनाभर पुढे गेली की २४ आठवडे हातातून जातात आणि मामला बोर्डाकडे जातो.

कोर्टात जायची वेळ आली तर महिलेला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं आहे. जाताना सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बोर्डाचा कागद सोबत ठेवावा.