आभाळातला वाटाड्या

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोन शास्त्रज्ञ त्याची शिट्टी ऐकत बसले आणि तिच्या चढत्या-उतरत्या स्वरावरून त्यांनी उपग्रहाचा ठाव काढला. १९५८ मध्ये मॅक्क्लूर यांनी प्रश्न उलटा केला: उपग्रहाचा ठाव ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे कळणार नाही काय? येथून हा सारा संसार सुरू झाला.

पण गंमत पाहा! मोटारीत नकाशा आला तो उपग्रहाचे बोट धरून नव्हे. १९८१ च्या होंडाच्या यंत्रात पडद्यावर पारदर्शक नकाशे सरकवीत. १९८५ च्या एटॅकचे नकाशे तर कॅसेटवर असत. ठाव आणि नकाशा ही दोन निराळी घराणी. सोयरीक मागाहून जुळली. जीपीएसमध्ये नागरिकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढली, तेव्हा १०० मीटरांचा घोळ वीसेक मीटरांवर आला.

कामासाठी सतत घाट उतरणारा माझा भाचा विचारतो, "मामा, कोणते यंत्र घेऊ?" मी त्याला ही सोयरीकच सांगतो. आभाळ मोकळे असले, तर रेंज गेली तरी उपग्रह बोलतच असतो, आणि तेही फुकट. मुका होतो तो नकाशा. तेव्हा बाबा रे, फोनच पुरे. पण नकाशा घरीच डाउनलोड करून ठेव, फोन काचेजवळ घट्ट बसव आणि पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वी घाल. निराळे यंत्र घेतलेस, तर त्याला नवे नकाशे किती वर्षे मिळतील, ते आधी विचार. बोगद्यात मात्र उपग्रहही गप्प होतो; तेथे पाट्या वाचायच्या.