फांग लिझी : विश्वाचा आरंभ आणि पक्षाची आज्ञा

फांग लिझी (१२ फेब्रुवारी १९३६ – ६ एप्रिल २०१२) हे चीनमधील खगोलभौतिकीचे संशोधक. आधुनिक विश्वरचनाशास्त्राचा अभ्यास चीनमध्ये ज्यांनी रुजवला, त्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बाहेरच्या जगाला ते ठाऊक झाले ते मात्र १९८९ साली बीजिंगमधील अमेरिकी वकिलातीत आश्रय घेणारे बंडखोर प्राध्यापक म्हणून. या दोन ओळखी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. विश्वाला आरंभ होता काय, या भौतिकीच्या प्रश्नाचे उत्तर चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या तत्त्वज्ञांकडे आधीच तयार होते. दुर्बिणीतून काय दिसते याची त्यांना गरज नव्हती.

फांग यांचा जन्म बीजिंगचा. १९५२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी पेकिंग विद्यापीठात भौतिकीसाठी प्रवेश घेतला. त्यांची भावी पत्नी ली शुशियान त्यांना तेथेच भेटल्या. त्याही भौतिकीच्याच विद्यार्थिनी. फांग १९५५ मध्ये पक्षाचे सदस्य झाले, ते पूर्ण श्रद्धेने. दोनच वर्षांनी ‘उजव्यां’विरुद्ध मोहीम सुरू झाली. पक्षाने सुधारणा कराव्यात असे पत्र लिहिण्याचा विचार काही तरुण मित्रमंडळींनी केला होता, त्यात हे दोघेही होते. तेवढ्या अपराधाबद्दल त्यांना पक्षातून काढण्यात आले आणि फांग यांची काही महिन्यांसाठी हपै प्रांतातील एका खेड्यात शेतमजुरीवर रवानगी झाली. परतल्यावर नव्यानेच स्थापन झालेल्या चीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात त्यांना काम मिळाले. घन पदार्थांची भौतिकी आणि लेसर हे तेव्हा त्यांचे विषय होते.

विश्वरचनाशास्त्राकडे ते वळले, त्याचे कारण सांस्कृतिक क्रांती. त्या काळात त्यांना डांबून ठेवण्यात आले, पुढे विद्यापीठच बीजिंगहून आनहुई प्रांतातील हेफेई येथे हलवले गेले आणि प्राध्यापकांना कोळशाच्या खाणीत व वीटभट्टीवर कामाला लावण्यात आले. प्रयोगशाळा नाही, नियतकालिके नाहीत. जवळ उरले होते भौतिकीचे एकच पुस्तक : लँडाउ आणि लिफशित्झ या रशियन शास्त्रज्ञांचा क्षेत्रांच्या अभिजात सिद्धान्तावरील ग्रंथ. त्याच्या उत्तरार्धात आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धान्त मांडलेला आहे. दुसरे काही वाचायला नसल्याने फांग तेच पुन्हा पुन्हा वाचत राहिले. ज्या विषयाला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही, असा विषय त्यांना अशा रीतीने सापडला.

तो विषय त्या देशात निरुपद्रवी नव्हता. १९२९ साली एडविन हबल यांनी दूरच्या दीर्घिका आपल्यापासून अंतराच्या प्रमाणात दूर जात असल्याचे दाखवले होते. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे, सुमारे ३ केल्विन तापमानाचे सूक्ष्मतरंग प्रारण आढळले. अतिउष्ण, अतिघन आरंभाची ती विझत आलेली धग होय, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि महास्फोट सिद्धान्ताचे पारडे जड झाले. चीनमध्ये या सिद्धान्ताची अडचण निराळीच होती. फ्रीडरिश एंगल्स यांनी १८७८ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘अँटी-ड्यूरिंग’मध्ये, जगाला काळात आरंभ आणि अवकाशात सीमा मानणाऱ्या ड्यूरिंग यांचे खंडन केले होते. विश्व काळाने अनादि-अनंत आणि विस्ताराने अमर्याद, हे मत त्यानंतर वादाचा मुद्दा न राहता सिद्धान्तवचन बनले. विश्वाला आरंभ मानणे म्हणजे निर्मात्याला मागच्या दाराने आत घेणे, असा त्यावरचा युक्तिवाद असे. सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात माओ यांचे निकटवर्ती चेन बोदा यांच्या पुढाकाराने खुद्द आइन्स्टाइनवरच टीकेची मोहीम उघडण्याचे बेत चालले होते.

अशा वातावरणात १९७२ साली ‘वूली’ (म्हणजे भौतिकी) या नियतकालिकात फांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. गुरुत्वाकर्षणाच्या अदिश-प्रदिश सिद्धान्तात द्रव्य आणि कृष्णपदार्थी प्रारण यांसह विश्वाचे एक गणिती उत्तर त्यात मांडले होते. चीनच्या मुख्य भूमीवर प्रसिद्ध झालेला आधुनिक विश्वरचनाशास्त्रावरचा हा पहिला शोधलेख समजला जातो. विशेषज्ञांखेरीज कोणी उघडूनही पाहू नये, असे त्याचे शीर्षक होते. तरी पक्षनिष्ठ लेखक त्यावर तुटून पडले. समीकरणात चूक कोठे आहे, हे त्यांच्या लेखांचे सूत्र नव्हते. मर्यादित विश्वाची कल्पनाच भांडवलशाही जगातील छद्मविज्ञान आहे, असा आरोप होता.

येथे मराठी वाचकाला जयंत नारळीकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी स्थिरस्थिती सिद्धान्ताची बाजू मांडली आणि १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित आवृत्ती पुढे आणली. म्हणजे आरंभ नसलेल्या विश्वाची बाजू त्यांनी आयुष्यभर लढवली, तीही जगातील बहुसंख्य शास्त्रज्ञ विरोधात असताना. त्यांचे पद गेले नाही, की प्रतिपक्षालाही कोणी मजुरीवर धाडले नाही. वाद निरीक्षणांच्या आणि गणिताच्या आधारे चालला. नारळीकरांचे अनादि विश्व एंगल्सच्या कल्पनेला अधिक जवळचे होते, ही त्यातली गंमत. फांग यांचा आक्षेपही एंगल्सचे उत्तर चुकीचे आहे एवढ्यापुरता नव्हताच. या प्रश्नाचा निवाडा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाने करायचा नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे निबंधसंग्रहाला त्यांनी ‘तत्त्वज्ञान हे भौतिकीचे साधन’ अशा अर्थाचे नाव दिले, तेव्हा तो टोला कोणाला आहे हे चिनी वाचकांना सांगावे लागले नाही.

माओ यांच्या निधनानंतर दिवस पालटले. १९७८ मध्ये फांग यांना पक्षात परत घेतले गेले, प्राध्यापकपद मिळाले, परदेशी जाता येऊ लागले. १९८४ मध्ये ते हेफेईच्या विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले. कारभारात अध्यापकांना अधिक अधिकार देण्याच्या तेथील प्रयोगाची पक्षाच्या मुखपत्रानेही प्रशंसा केली. फांग यांची भाषणे मात्र तेवढ्यावर थांबत नव्हती. मार्क्सवाद कालबाह्य झाला आहे आणि लोकशाही ही वरून मिळणारी देणगी नसून हक्क आहे, असे ते विद्यार्थ्यांना उघड सांगत. डिसेंबर १९८६ मध्ये हेफेईतून विद्यार्थ्यांची निदर्शने सुरू झाली आणि इतर शहरांत पसरली. जानेवारी १९८७ मध्ये डेंग झियाओपिंग यांच्या आदेशावरून फांग यांना दुसऱ्यांदा पक्षातून काढण्यात आले. त्यांच्याबरोबर लेखक वांग रुओवांग आणि पत्रकार लिऊ बिनयान यांचीही हकालपट्टी झाली. पक्षाचे सरचिटणीस हू याओबांग यांनाही पद सोडावे लागले.

६ जानेवारी १९८९ रोजी फांग यांनी डेंग यांना खुले पत्र लिहून वेई जिंगशेंग आणि इतर राजकीय कैद्यांची मुक्तता मागितली. फेब्रुवारीत अध्यक्ष बुश बीजिंगला आले तेव्हा त्यांच्या मेजवानीचे निमंत्रण फांग यांनाही होते. पोलिसांनी त्यांना वाटेतच अडवले. एप्रिलमध्ये हू याओबांग यांचे निधन झाले आणि तिआनमेन चौक विद्यार्थ्यांनी भरून गेला. फांग त्या चौकात जाणूनबुजून गेले नाहीत. आंदोलनामागे आपला हात आहे असे म्हणायला सरकारला निमित्त मिळू नये, हा हेतू. त्याचा उपयोग झाला नाही. ३ जूनच्या रात्री सैन्य शहरात घुसले, आणि ५ जूनला फांग दांपत्याने अमेरिकी वकिलातीचा आसरा घेतला. काही दिवसांतच दोघांवर अटकेचे हुकूम निघाले. वर्षाहून अधिक काळ ते तेथेच राहिले. खोलीबाहेर पडणे शक्य नसलेल्या त्या दिवसांतही त्यांचे खगोलभौतिकीचे काम चालूच होते. आत्मचरित्रही तेथेच लिहिले गेले. २५ जून १९९० रोजी त्यांना देशाबाहेर जाऊ दिले. केंब्रिज, प्रिन्स्टन असे करत ते अॅरिझोना विद्यापीठात स्थिरावले आणि अखेरपर्यंत तेथे शिकवत राहिले. मायदेशी परतणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्याच ३ जूनच्या रात्री बीजिंगच्या ३०१ क्रमांकाच्या लष्करी रुग्णालयात जियांग यानयोंग हे शल्यचिकित्सक गोळ्या लागलेल्या नागरिकांवर शस्त्रक्रिया करत होते. त्यांचे नाव जगापुढे आले ते चौदा वर्षांनी, सार्सच्या साथीत. ३ एप्रिल २००३ रोजी आरोग्यमंत्र्यांनी बीजिंगमध्ये १२ रुग्ण आणि ३ मृत्यू असल्याचे जाहीर केले. निवृत्त झालेल्या जियांग यांना सहकाऱ्यांकडून ठाऊक होते की, ३०९ क्रमांकाच्या एकाच लष्करी रुग्णालयात साठच्या आसपास रुग्ण आहेत. त्यांनी दूरचित्रवाहिन्यांना लेखी कळवले. तेथून काही झाले नाही, पण ती माहिती ‘टाइम’ साप्ताहिकापर्यंत पोचली. २० एप्रिलला सरकारने राजधानीतील रुग्णसंख्या ३७ वरून ३३९ वर नेली, आणि आरोग्यमंत्री व बीजिंगचे महापौर यांना पदावरून दूर केले. त्या साथीने जगभरात ७७४ बळी घेतले. रुग्णांचा आकडा दडवला की विलगीकरणाची सोय वेळेवर होत नाही, आणि दरम्यान संसर्ग रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांतच शिरतो.

जियांग यांना काही काळ सरकारी माध्यमांनी डोक्यावर घेतले. २००४ मध्ये त्यांनी ३ जूनच्या रात्री काय पाहिले ते नेत्यांना पत्राने कळवले आणि त्या आंदोलनाचे पुनर्मूल्यमापन करण्याची मागणी केली. आकड्याबद्दलचे सत्य खपले होते, हे खपले नाही. त्यांना काही आठवडे स्थानबद्ध करण्यात आले. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डिसेंबर २०१९ मध्ये वुहानमधील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी सहकाऱ्यांना नव्या आजाराची सूचना दिली, तेव्हा ‘अफवा’ पसरवल्याबद्दल पोलिसांनी त्यांना समज दिली. त्याच आजाराने फेब्रुवारीत ते गेले. ११ जानेवारी २०२० रोजी झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जगाला खुला केला. जगभरच्या चाचण्या आणि लसींचे काम त्यावरून सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी शांघायमधील त्यांची प्रयोगशाळा ‘दुरुस्ती’साठी बंद करण्याचा आदेश आला.

महास्फोटाची चर्चा आज चिनी विद्यापीठांत मोकळेपणी होते, आणि ग्वेईझोऊ प्रांतात ५०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण २०१६ पासून आकाशाकडे तोंड करून उभी आहे. फांग यांचे आत्मचरित्र मात्र तैवानमध्ये छापले गेले, तेही त्यांच्या निधनानंतर, २०१३ साली. जियांग यानयोंग ११ मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी वारले.